किजाबेचं ‘होटेली’: चहाला पाच स्टार, बाकड्याला दोन

आधीच सांगते, हे राहायचं हॉटेल नाही, खायचं हॉटेल आहे. आपल्याकडे "चल हॉटेलात चहा मारू" म्हणतो ना, तस्संच केनियातही खायच्या जागेला होटेलीच म्हणतात, त्यामुळे सात वर्षांपूर्वी इथे आल्या आल्या सगळ्या पाट्यांमधला मला कळलेला पहिला शब्द तोच, आणि मी जी आत शिरले ती अजून बाहेर पडले नाहीये असंच म्हणा. नाव देत नाहीये कारण नाव मलाही नीट माहीत नाही. बोर्डवर कोल्ड्रिंकची जाहिरात ठसठशीत, खाली कोपऱ्यात नाव होतं ते उन्हापावसानं पुसलंय आणि परत रंगवायचं कुणाच्या मनात नाही. सगळे "मामाकडे" म्हणतात.

आता मामा म्हणजे बाई. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. नगरच्या माणसाला हे पचायला किती वेळ लागतो विचारू नका. मागे माझे मोठे दीर आले होते, त्यांना हात धुवायची जागा दाखवायला मी गर्दीतून "दादा, इकडे या" म्हणून हाक मारली तर वाढणाऱ्या तिन्ही मुली हातातलं टाकून माझ्यापुढे हजर. दिरांना वाटलं काय सर्व्हिस आहे! (तेवढी नाहीये, पुढे सांगते.)

किजाबे म्हणजे नैरोबीपासून तास-दीड तासावर, रिफ्ट व्हॅलीच्या अगदी कड्यावर वसलेलं गाव. किजाबे हे मसाई भाषेतल्या वाऱ्याच्या शब्दावरून आलेलं नाव, आणि वारा असा की वाळत घातलेली चादर शेजाऱ्याकडून आणावी लागते. उंची साधारण २२०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीच्या पुढे, त्यामुळे आफ्रिका म्हणून कॉटनचे ड्रेस भरून आणलेली मी पहिल्या जुलैत मिस्टरांचा स्वेटर घालून फिरत होते. आपली मराठी टुरिस्ट मंडळी मसाई माराला जातात ती खालच्या रस्त्यानं माई माहियूवरून पुढे नारोककडे जातात, त्यांना इथे यायला वाट थोडी वाकडी करावी लागेल. वर यायचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि रस्त्यात बबून बसलेले असतात, गाडीची काच बंद ठेवा, माझी एक अख्खी ब्रेडची लादी गेलीय.

आम्ही इथल्या मिशनच्या हॉस्पिटलात मिशनरी म्हणून आहोत. मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते, मिस्टर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांबरोबर प्रार्थना, भेटीगाठी ते सगळं बघतात. आमच्याकडच्या काही मंडळ्या, म्हणजे चर्च, सपोर्ट पाठवतात आणि त्यांना आम्ही दर तीन महिन्यांनी न्यूजलेटर पाठवतो, त्यात इतक्या मुली पास झाल्या, अमक्या गावात शिबिर झालं, प्रार्थनेचे विषय पुढीलप्रमाणे वगैरे. या हॉटेलबद्दल त्यात आजपर्यंत एक ओळ लिहिली नाही. लिहिणार कसं, तिकडे लोक पोटाला चिमटा काढून सेवेसाठी पैसे देतात आणि इकडे बाई रोज चार वाजता बाकड्यावर बसून चहा पितीये! म्हणून म्हटलं रिव्ह्यूच लिहावा.

तर चहा. दूध-पाणी एकत्र उकळून त्यात पावडर, आलं हवं असेल तर "तांगाविझी" म्हणायचं, साखर आपली आपण घालायची. मसाला नाही, वेलची नाही, पण दूध खरं आणि उकळी खरी. कप पुण्यातल्या कटिंगच्या तिप्पट. केनियातली पहिली चहाची रोपं १९०३ मध्ये इथून जवळच लिमुरूला लावली, ती भारतातून आणलेली होती, आणि मिशनचं ठाणंही किजाबेला त्याच १९०३ मध्ये आलं. आमच्या नगरला अमेरिकन मिशन १८३१ मध्ये आलं होतं पण चहा काही त्यांनी आणला नव्हता, त्या बाबतीत किजाबे पुढे. पाच स्टार, डोळे झाकून.

चपाती. हो, चपातीच म्हणतात, लाडानं चापो. रेल्वे बांधायला १८९६ पासून हजारोंनी हिंदी मजूर आणले होते, त्यांच्या काळापासून हे खाणं इथे रुळत गेलं आणि आता ते इतकं त्यांचं झालंय की मामानं मला पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "तुमच्याकडे पण चपाती मिळते का?" मी काय उत्तर देणार. पण ती आपली पोळी नाही बरं का. मैदा, मीठ, चिमूटभर साखर, तेल सढळ. सकाळी सहाला मामा पीठ मळते, मोठी पोळी लाटून तिला तेल लावते, गुंडाळून दोरी करते, दोरीची चकली वळते आणि झाकून ठेवते, मग पुन्हा लाटून तव्यावर तेल सोडून भाजते. घडीच्या पोळीची थोरली, गुटगुटीत बहीण समजा. दोन खाल्ल्या की दुपारची वॉर्डची राउंड जड जाते. इथल्या घरांमध्ये चपाती म्हणजे ख्रिसमसचं खाणं, मुलं वर्षभर वाट बघतात, त्यामुळे रोज चपाती खाणारे हिंदी लोक म्हणजे रोजच ख्रिसमस करणारे असा काहीतरी समज आहे.

ख्रिसमसवरून आठवलं, पहिल्या वर्षी मी करंज्या करून नेल्या होत्या, खोबरं नैरोबीहून आणून, रात्री दोनपर्यंत जागून. मामानं एक चावली, थांबली, करंजी उघडून आत बघितलं आणि म्हणाली सांबुसात, म्हणजे समोशात, साखर कुणी घातली? तिला वाटलं माझी चूक झालीये आणि ती मला सांभाळून घेतेय. आता दरवर्षी तीच नोव्हेंबरपासून विचारते, चुकलेले सांबुसा कधी आणणार.

चापोबरोबर न्देंगू घ्या. न्देंगू म्हणजे आपले हिरवे मूग, कांदा-टोमॅटोत शिजवलेले, चांगले पण मिळमिळीत. मी एकदा नैरोबीच्या न्गारा भागातून मोहरी, जिरं, हिंग आणून दिलं आणि फोडणी करून दाखवली. मोहरी तडतडायला लागल्यावर मामा दोन पावलं मागे सरकली, हिंगाचा वास आल्यावर दारातच गेली. हे खातात? मग मी म्हटलं खाऊन बघ. पुढच्या सोमवारी खडूच्या फळ्यावर नवीन ओळ, "न्देंगू या किहिंदी", म्हणजे हिंदी पद्धतीचे मूग, साध्यापेक्षा २० शिलिंग जास्त! मला त्यातला एक शिलिंग मिळत नाही, उलट मलाही तेच जास्तीचे २० लावते. तक्रार केली तर म्हणते मोहरी महाग झालीये. मोहरी मीच आणून देते.

गिथेरी म्हणजे मका आणि राजमा एकत्र उकडलेला, तो जरा जपून. एकदा त्यात खडा आला आणि माझ्या दाढेचं फिलिंग गेलं. मामा "पोले, पोले" करत राहिली, म्हणजे वाईट वाटलं गं, पण बिलात सूट नाही. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मीठ अजिबात नाही, सुकुमा विकीच्या भाजीबरोबर खायची. सुकुमा विकी म्हणजे शब्दशः आठवडा ढकलणारी, महिनाअखेरीची भाजी. नाव कळल्यावर मला ती जास्त आवडायला लागली. मंदाझी, म्हणजे तळलेल्या गोडसर जाड पुऱ्या, सकाळीच घ्या, दुपारी त्या दगड होतात.

सर्व्हिस. ऑर्डर दिली की "सासा हिवी" म्हणजे आत्ता लगेच, दहा मिनिटांनी विचारलं की "बादो किदोगो" म्हणजे अजून थोडं, आणि चिडलात तर भिंतीवरची म्हण दाखवतात, घाईघाईत बरकत नाही. शब्द पण तोच, बराका. एकदा मामानं मला "सा तातू"ला ये म्हणून सांगितलं, मुकिमो, म्हणजे बटाटा-मका एकत्र घोटून करतात तो, करायला शिकवणार होती. तातू म्हणजे तीन, मी बरोब्बर तीनला गेले तर मुकिमो केव्हाच संपला होता आणि मामाचं तोंड फुगलेलं. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, सा तातू म्हणजे सकाळचे नऊ. घरी येऊन सांगितलं तर मिस्टर हसायलाच लागले, अगं प्रेषितांची कृत्ये दुसरा अध्याय, पेत्र म्हणतो हे लोक प्यालेले नाहीत, आत्ता कुठे दिवसाचा तिसरा तास. तेच सा तातू! वीस वर्षं बायबल स्टडी घेतलेली मी, आणि नवाची वेळ चुकले.

पैसे एम-पेसानं. मोबाइलवरून टिल नंबर टाकायचा, दोघांच्या फोनवर मेसेज येतो, संपलं. आपल्याकडे यूपीआयचं कौतुक आहे, असावंच, पण इथे हे २००७ पासून साध्या बटणाच्या फोनवर चालतंय, भाजीवालीपासून दानपेटीपर्यंत. पेसा म्हणजे आपला पैसाच. उधारी मात्र नाही. गल्ल्याच्या वर पाटी आहे, "कुकोपा हारुसी, कुलिपा मातांगा", म्हणजे उसनं घेताना लग्न, फेडताना मयत. आपल्या "आज रोख उद्या उधार" पेक्षा जबरी.

आणि तरी तिच्याकडे माझी उधारीची वही आहे. त्याचं असं झालं की दुसऱ्या वर्षी काहीतरी कागदपत्रांच्या घोळात आमचा सपोर्ट दोन महिने अडकला. मिशनरी माणसानं पैसे नाहीत हे कुणाला सांगायचं? मिशनच्या आवारात सांगितलं असतं तर लगेच प्रार्थना, लगेच कॅसरोल, लगेच लिफाफा, सगळं प्रेमानंच, पण लाज वाटते हो. मी चहाला जायचंच बंद केलं. चौथ्या दिवशी मामानं वाढणाऱ्या मुलीला घरी पाठवलं, चहा फ्लास्कमध्ये, चार चपात्या पेपरात आणि निरोप की आजारी नसशील तर येऊन वहीत सही कर. गेले. वहीत माझं नाव तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, "मुहिंदी वा होस्पितालि", हॉस्पिटलची हिंदी बाई. त्या दोन महिन्यांत १८६० शिलिंग झाले. एक शिलिंग म्हणजे साधारण ६५-७० पैसे, म्हणजे रक्कम काही मोठी नाही, पण मी आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी उधारीवर जेवत होते जिथे मी द्यायला आले होते.

मुहिंदीचं जरा सांगते. इथे हिंदी माणूस म्हणजे दुकानदार, शब्दसुद्धा आपलाच, दुका. पहिलं वर्षभर मला प्रत्येकानं विचारलं तुमचं दुका कुठलं? नाही म्हटलं तर, मग डॉक्टर? नाही, मिशनरी. मग ते हसायचे, कारण मिशनरी म्हणजे मझुंगू, गोरा. हिंदी आणि ख्रिस्ती हे तर त्याहून नवल. एक म्हातारे पाळक, म्हणजे पाद्री, मला म्हणाले, मुली, तुमचा बाप्तिस्मा आमच्याकडे झाला का? मी म्हटलं बाबा, माझ्या पणजोबांचा झाला, नगर जिल्ह्यात. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आवारातली मैत्री वेगळी. अमेरिकन, कोरियन, ब्रिटिश, सगळे मनापासूनचे लोक, मंगळवारची प्रार्थना, पॉटलक, एकमेकांची मुलं सांभाळणं. कोरियन ताई मला किमची देते, मी तिला कैरीचं लोणचं, दोघींच्या नवऱ्यांना दोन्ही झेपत नाही. पण हे लोक जातात. कुणी सहा महिन्यांसाठी, कुणी दोन वर्षांसाठी आलेलं असतं, कुणाला मुलांच्या कॉलेजसाठी परत जावं लागतं. मग फेअरवेल, मग घरातल्या सामानाचा सेल. एक वॅफल आयर्न आहे, ते पाच कुटुंबांतून फिरत माझ्याकडे आलंय, खाली पाचही आडनावं मार्करनं लिहिलेली. मी त्यात थालीपीठ करून बघितलं, होत नाही. पहिल्या तीन-चार फेअरवेलना मी रडले, नंतर नंतर नवीन माणूस आलं की मी आधी विचारायला लागले किती दिवसांसाठी आलात, आणि उत्तर ऐकून त्याप्रमाणे जीव लावायचा. हे बरोबर नाही मला कळतं. मामाला हे कधी विचारावं लागलं नाही, ती इथलीच. उलट तिनंच मला पहिल्या महिन्यात विचारलं होतं, तू किती दिवस, आणि मी तीन वर्षं म्हटल्यावर नुसतं "हं" केलं होतं. त्या "हं"चा अर्थ मला चौथ्या फेअरवेलला कळला.

२९ एप्रिल २०२४ ला पहाटे खाली माई माहियूला लोंढा आला. रेल्वेच्या भरावाखालचा बोगदा गाळानं तुंबून पाणी साचलं होतं ते फुटलं आणि रात्रीत घरंच्या घरं गेली, माणसं डझनांनी गेली. हॉस्पिटलात काय चाललं होतं ते न्यूजलेटरमध्ये लिहिलंय. हे नाही लिहिलेलं, की दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून मी मामाकडे गेले तर हॉटेल बंद आणि मागच्या अंगणात चार मोठ्या सुफुऱ्या, म्हणजे पातेली, चुलीवर. खाली कॅम्पला पाठवायला मुकिमो चाललेला. मामानं मला बघितलं, खाली बस म्हणाली आणि बटाट्यांचं पोतं पुढे ढकललं. थोड्या वेळानं आमच्यातले एक सर्जन आले मदत करू का विचारत, त्यांनाही बसवलं. त्यांनी सालं इतकी जाड काढली की मामानं सगळ्यांसमोर ते साल उचलून त्यांना दाखवलं, डॉक्टर, यावर अर्धा माणूस जेवला असता. चोवीस तास ऑपरेशन थिएटरमध्ये उभा असलेला माणूस तो, मान खाली घालून "सॉरी मामा" म्हणाला आणि पातळ काढायला लागला. सहा दिवस असं चाललं. तिचा मावसभाऊ खाली राहायचा हे मला सातव्या दिवशी तिच्या शेजारणीकडून कळलं.

त्यानंतर कधीतरी बिल द्यायला गेले तेव्हा वही उघडी होती. मुहिंदी खोडलेलं आणि त्याच्यावर मामा आणि पुढे माझ्या लेकीचं नाव. इथे बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. आमच्या वाडीत पण सगळ्या बायका अमक्याची आई, तमक्याची आई अशाच, माझ्या आईचं खरं नाव मला शाळेच्या फॉर्मवर कळलं होतं. स्पेलिंग चुकलंय लेकीच्या नावाचं, मी काही बोलले नाही.

एकदा मी तिला नाशिकची गोष्ट सांगितली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, त्यांतली बरीच नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या आश्रमात वाढली, शिकली. त्यांतल्या विल्यम जोन्ससारख्यांना १८६४ मध्ये मोंबासाजवळ रबईच्या मिशनवर पाठवलं, १८७५ मध्ये मोंबासाशेजारी फ्रेरटाउन वसलं तेव्हा आणखी आले. म्हणजे आमच्याकडून इकडे आलेली मी काही पहिली नाही, आणि ते तर मुळात इकडचेच. मला स्वतःला ही गोष्ट फार भारी वाटते, मी रंगवून सांगत होते. मामा कणीक वळत ऐकत होती, शेवटी एवढंच विचारलं की मग ते नाशिकला चपाती खायचे का? मी म्हटलं भाकरी खात असतील, ज्वारी-बाजरीची. तिला वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

बरं, आता कामाचं. बाकडी अरुंद आहेत आणि एक पाय आखूड असलेलं बाकडं दाराजवळ आहे तिथे बसू नका. धूर आहे, दम्याचा त्रास असेल तर बाहेर बसा, पण बाहेर वारा. रेडिओ किकुयू भाषेतल्या भक्तिगीतांवर फुल आवाजात, कमी करा म्हटलं तर दोन मिनिटं कमी होतो. साडेअकरा ते दीड नर्सिंगची मुलं तुटून पडतात, तेव्हा जाऊ नका, चपाती संपलेली असते. रविवारी बंद, मामा चर्चच्या क्वायरमध्ये आहे, त्यात तडजोड नाही. चहा ३०, चापो ३०, न्देंगूबरोबरची थाळी दीडशेपर्यंत, किहिंदी न्देंगू घेतलात तर वरचे २०. आत शिरताना "ब्वाना आसिफिवे", म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हणा, आतून "आमेन" येईल, मग चहा जरा लवकर येतो.

टॉयलेट मागच्या अंगणात, स्वच्छ असतं पण चावी मागावी लागते. चावीला हातभर लाकडाचा ओंडका बांधलाय, कुणी चुकून नेऊ नये म्हणून, तरी मी एकदा पर्समध्ये घालून नैरोबीला गेले होते आणि संध्याकाळी सातला परत आले तर मामा रस्त्यावर हात कमरेवर ठेवून उभी होती, मागे चार-पाच गिऱ्हाइकं.